नेदरलँड्सला निघण्याआधी जन्मदाखला उघडून वाचा

पासपोर्ट, फोटो, ऑफर लेटर यांची आठवण करून द्यायला नको. राहण्याच्या परवान्याचा अर्ज नोकरीवाल्यांसाठी बहुतेक वेळा कंपनीच तिकडे आयएनडीकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करते. इथले कागद मात्र आपणच गोळा करायचे, आणि त्यात पहिला जन्मदाखला. आजच कपाटातून काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. आईवडिलांचं असतं, तारीख असते, बाळाच्या नावाची जागा कोरी! बारशाआधी नोंद झालेल्या जुन्या दाखल्यांत हे सर्रास सापडतं. माझा तसाच होता, आणि ते तिकीट काढल्यावर कळलं. नाव नसेल तर पुढचं काहीही सुरू करू नका.

नाव चढवायला जन्म जिथला, तिथेच जावं लागतं. पुण्यातला असेल तर पुणे महापालिका, चिंचवडचा असेल तर पिंपरी-चिंचवड, बायको माहेरी कराडला जन्मली असेल तर कराड नगरपालिका. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट सोबत न्या. स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा, वडिलांच्या नावाचंही. प्रत मराठी-इंग्रजी मागा, नाहीतर भाषांतराचा खर्च वाढतो. लॅमिनेशन अजिबात नको, अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी स्टिकर त्याच कागदावर लागतो.

नोटरीचा शिक्का म्हणजे अपोस्टिल नव्हे, कुणी काहीही सांगो. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, म्हणून त्यापुढे वकिलातीचा शिक्का लागत नाही. मंत्रालयाची फी कागदामागे फक्त ५० रुपये आहे; एजंट हजारांत बोलला तर बाकीचे कशाचे ते विचारा. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले याच फेरीत करून घ्या. मुलांच्या दाखल्यावरही नाव आहे ना? बघा, गृहीत धरू नका.

एमव्हीव्ही, म्हणजे तिकडे राहायला जाण्यासाठीचा प्रवेश व्हिसा, ९० दिवसच चालतो, तिकीट त्या हिशेबाने काढा. घर घेताना त्या पत्त्यावर नोंदणी करता येते का ते लेखी घ्या. पोचल्यापासून ५ दिवसांत तिथल्या पालिकेत नोंदणी करायची असते, अपॉइंटमेंट इथूनच घ्या. बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, तिथेच मिळतो, बँक त्यानंतर. परवान्याचं कार्ड आयएनडीतून. मूळ जन्मदाखला हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही.