पायपीआयवर आपली लायब्ररी कशी टाकायची

सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला बिलाखाली 'अक्षरी रुपये' छापायचा कोड लागतोच, आणि मराठीत ९९ पर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, म्हणजे लूप लावून भागत नाही, अख्खी यादीच द्यावी लागते. असलं फंक्शन दर गिऱ्हाईकाच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी-पेस्ट कशाला करायलाय बे, सरळ पायपीआयवर, म्हणजे पायथॉनच्या लायब्रऱ्या सगळ्यांसाठी ठेवायच्या ऑनलाइन कोठारात टाका, फुकट आहे.

आधी नाव शोधून बघा. कॅपिटल-स्मॉल, हायफन-अंडरस्कोर असला फरक तिथं चालत नाही, सगळं एकच धरतात. मग पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (pyproject.toml) फाईलमध्ये नाव, व्हर्जन, लायसन्स वगैरे भरा. रीडमी नीट लिहा, तेच तुमचं पेज दिसणारंय.

अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) लावायलाच लागतं, २०२४ पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. अपलोडला पासवर्ड चालत नाही, टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) काढा. पहिल्या वेळी अख्ख्या अकाउंटचं टोकन लागतं कारण प्रोजेक्टच अजून नसतो, नंतर ते उडवून फक्त त्या प्रोजेक्टपुरतं नवीन काढा. आणि ते टोकन कोडसोबत गिटहबवर ढकलू नका म्हणजे झालं.

आता बिल्ड (पॅकेज बनवणारं) आणि ट्वाईन (ते अपलोड करणारं) ही दोन टूल पिपनं, म्हणजे पायथॉनच्या इन्स्टॉलरनं, टाकून घ्या. बिल्ड चालवलं की डिस्ट फोल्डरमध्ये दोन फायली येतात, एक टार-जीझेड (मूळ कोडची), एक व्हील (थेट इन्स्टॉल होणारी). इथं घाई नको. व्हील म्हणजे साधी झिप फाईलच असते, उघडून बघा. आकड्यांची यादी वेगळ्या जेसन फाईलमध्ये ठेवली असेल आणि सेटअपटूल्सला (पॅकेज बांधणाऱ्या टूलला) पॅकेज-डेटामध्ये सांगितलं नसेल तर ती आत येतच नाही बऱ्याचदा, तुमच्या मशीनवर सगळं मस्त चालतंय कारण फाईल तिथंच पडलेलीय, आणि दुसऱ्यानं इन्स्टॉल केलं की 'एकोणसाठ' छापायच्या जागी एरर.

म्हणून आधी टेस्ट पायपीआयवर, म्हणजे सरावासाठीच्या वेगळ्या साइटवर टाका. त्याचं अकाउंट वेगळं काढावं लागतं, कंटाळा करू नका. दुसऱ्या फोल्डरात नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनची वेगळी कोरी जागा) बनवून त्यात टेस्ट पायपीआयवरनं इन्स्टॉल करा, ५९ आणि ८९ छापून बघा, मगच खऱ्या पायपीआयवर ट्वाईन अपलोड मारा.

एकदा ०.१.० गेलं की गेलं. डिलीट केलं तरी त्याच नावाची फाईल परत चढत नाही, दुरुस्ती केली की ०.१.१ करायचं. खराब व्हर्जन डिलीट करण्यापेक्षा यँक करा, म्हणजे नवीन लोकांना ते आपोआप मिळत नाही, पण ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन लिहून ठेवलंय त्यांचं काम अडत नाही.