जुन्या घरात गीझर बदलायचाय? दुकानात जाण्याआधी मीटरची फळी बघा

"नळाला हात लावला की मुंग्या येतात रे," असं आत्या दोन आठवडे सांगत होती आणि आम्ही सगळे तिला थंडीचं कारण देत होतो. ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट ज्यानं अंगावर घेतली आहे, त्याला ते पटण्यासारखंही होतं. शेवटी विजेचा मिस्त्री आला. त्यानं न्हाणीच्या नळाला टेस्टर टेकवला आणि त्यातला इवलासा दिवा पेटला. गीझरची कॉइल आतून फुटली होती. पण त्याहून वाईट गोष्ट मागच्या बोळात होती. अर्थिंगची, म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणारी हिरवी तार ज्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असायची, तो पाइप काही वर्षांपूर्वी प्लंबरनं काढून प्लास्टिकचा टाकला होता. तार तशीच लोंबत होती. मिस्त्री म्हणाला, "तार तो है भैया, अर्थ नहीं है।"

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. म्हणून गीझर किंवा बिजलीचा शॉवर बदलायचा असेल, तर सुरुवात दुकानापासून करू नका. घरातली तार किती भार सोसेल ते आधी बघा आणि मग तिला झेपेल ते यंत्र आणा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

आधी डोळ्यांनी पाहणी

ही पाहणी तुम्ही स्वतः करू शकता, फक्त कशालाही हात लावू नका. मीटरच्या फळीवर पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत का? भिंतीवरून लाकडी पट्टीवर ठोकलेल्या, वरून सुती वेष्टण आणि आत रबर असलेल्या तारा जातात का? असतील तर ते रबर एव्हाना पापडासारखं झालेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात. त्यानंतरच्या काळातल्या घरांत ॲल्युमिनियमची तार सापडते. ॲल्युमिनियम आणि तांब्याचा नुसता पीळ मारलेला जोड हा आग लागण्याचा ठरलेला पत्ता. तो ढिला होतो, गंजतो आणि मग तापतो. न्हाणीजवळचं सॉकेट दोनच भोकांचं असेल, तर तिथवर अर्थ कधी आलेलाच नाही असं समजा. आणि किटकॅटमध्ये फ्यूजच्या बारीक तारेऐवजी कुणी जाड तांब्याची तार भरली असेल, तर तो फ्यूज नव्हे, नुसता पूल आहे.

यंत्र कोणतं घ्यायचं

इथं थोडं गणित करू, कारण सगळी गोम इथंच आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. २ किलोवॉटचा टाकीवाला गीझर त्यावर ८.७ ॲम्पियर ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट (मोठी टाकी नसलेला, पाणी वाहतानाच तापवणारा) १३ आणि ४.५ किलोवॉटचा १९.६. परदेशात भिंतीवर लावतात ते ८ ते १० किलोवॉटचे बिजलीचे शॉवर ३५ ते ४३ ॲम्पियर मागतात. कुणी भाच्या-पुतण्यानं तसला प्रेमानं आणून दिला, तर खोक्यातच राहू द्या. ढिल्या जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. म्हणजे ८.७ च्या जागी १९.६ ॲम्पियर गेले, तर तोच जोड पाचपट तापणार.

बरं, एवढं करून इन्स्टंटमधून मिळतं काय? नळाचं पाणी १० अंश धरलं आणि ते ४० वर न्यायचं म्हटलं, तर ३ किलोवॉटचं यंत्र मिनिटाला जेमतेम दीड लिटर देतं. पंधरा लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतात. त्याला शॉवर म्हणणं म्हणजे थट्टाच. उलट १५ लिटरची टाकी २ किलोवॉटवर साधारण २६ मिनिटांत ६० अंशांवर जाते आणि त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं २५ लिटर पाणी हातात येतं. वर एक फायदा असा की टाकी तापली की बटण बंद करून अंघोळीला जाता येतं. इन्स्टंटमध्ये तुम्ही पाण्याखाली असता तेव्हाच वीज चालू असते. जुन्या घरासाठी माझं मत म्हणूनच टाकीच्या बाजूनं आहे. टाकीवर आयएसआयचं चिन्ह आणि स्टारची पट्टी बघून घ्या. घरात एसीही असेल, तर मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहून ठेवा.

नवी लाइन स्वतंत्र हवी

जुन्या सॉकेटमध्ये नवा गीझर खोचू नका. मीटरच्या फळीपासून न्हाणीपर्यंत गीझरची वेगळी लाइन ओढून घ्या. हे काम परवानाधारक मिस्त्रीचंच. तुम्ही फक्त काय मागायचं ते माहीत ठेवा: तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार, तीनही रंगांत. फेज (वीज आणणारी) लाल, न्यूट्रल (वीज परत नेणारी) काळी, अर्थ हिरवी. २ किलोवॉटला २.५ चीही चालते, पण भावातला फरक एकदाच सोसायचा असतो. लाइनच्या सुरुवातीला १६ ॲम्पियरचा डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. स्विच न्हाणीच्या बाहेर असावा.

आमच्याकडच्या भिंती दगडी आणि वर पटियांचं, म्हणजे दगडी फरश्यांचं छत. तिथं झिरी कोरत बसण्यात अर्थ नाही. पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग (आतून तार नेणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) भिंतीवरूनच न्या. दिसायला ती बरी नाही, आत्यानंही नाक मुरडलं. पण उद्या काही बिघडलं तर डोळ्यांना दिसेल.

या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवायलाच हवा. एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. फक्त तो सगळ्या घराच्या मेनवर बसवलात तर जुन्या तारांच्या बारीकसारीक गळतीनं दिवसातून चार वेळा पडेल, आणि मग कुणीतरी वैतागून तो काढूनच टाकेल. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. जुनी वायरिंग बदलून होईपर्यंत तो निदान गीझरच्या लाइनपुरता तरी ठेवा, आणि त्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या कुठल्या लाइनमधून उसना घेऊ देऊ नका. उसना न्यूट्रल घेतला की आरसीसीबी गीझर लावताक्षणी पडतो आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या गीझरला लागतो.

अर्थिंग

यात तडजोड नाही. पाण्याच्या पाइपाला अर्थ बांधायचा जमाना प्लास्टिकबरोबर संपला. अंगणात किंवा बोळात खड्डा खणून नवा इलेक्ट्रोड (अर्थची तार जोडायचा धातूचा पाइप किंवा पत्रा) पुरून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकते, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. काही मिस्त्री सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना एक तुकडा जोडून "हो गया अर्थिंग" म्हणतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा. असा जोड असताना मागे कुठं न्यूट्रल तुटला, तर गीझरच्या अख्ख्या धातूच्या अंगात २३० व्होल्ट उतरतात.

मिस्त्रीला नवी लाइन मेगरने (तारेचं वेष्टण धड आहे का ते मोजणारं यंत्र) तपासायला सांगा आणि अर्थचा रोध मोजून घ्या. टेस्टरच्या दिव्यावर हे कळत नाही.

बदलण्याच्या दिवशी

मेन बंद करा, किटकॅट उपसून मिस्त्रीनं स्वतःच्या खिशात ठेवावेत. आता एक गोष्ट हमखास विसरली जाते: इन्व्हर्टर. मेन बंद असला तरी त्याच्या तारा जिवंत असतात, आणि जुन्या घरात कुठली तार कुठं जोडली आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. तोही बंद करून सुटा करा.

जुनी टाकी गार होऊ द्या, गार पाण्याची चावी बंद करून ती रिकामी करा आणि मग उतरवा. नवी टांगताना भिंतीकडे नीट लक्ष द्या. २५ लिटरची टाकी पाण्यासकट तीस-पस्तीस किलोंची होते, आणि चुन्याच्या गिलाव्यात खिळा धरत नाही. ड्रिलमधून पांढरी भुकटीच येत राहिली, तर अजून गिलाव्यातच आहात. फास्टनर (टाकी टांगायचा बोल्ट) आत विटेत किंवा दगडात पक्का बसला पाहिजे. वाटलंच तर लोखंडी ब्रॅकेट करून घ्या.

निळं तोंड गार पाण्याचं, लाल गरम पाण्याचं. गार बाजूला कंपनीनं दिलेला सेफ्टी व्हॉल्व्ह लावा. टाकी तापताना त्यातून थेंब गळतात. ते गळूच द्यायचे, बूच मारायचं नाही. आत दाब साठला तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

मग गरम नळ उघडून टाकी भरा. आधी हवा फुसफुसेल, मग तुटक धार येईल, आणि धार सलग झाली की टाकी भरली. त्यानंतरच बटण. कोरड्या टाकीत वीज सोडली की कॉइल काही मिनिटांत जळते.

अर्धा तास चालवून, बटण बंद करून प्लग काढा आणि प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड ढिला आहे. दहा-पंधरा दिवसांनी मिस्त्रीकडून एमसीबीचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या. आणि आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खट्कन पडला म्हणजे तो काम करतोय. तारीख लक्षात राहत नाही अशी सगळ्यांचीच तक्रार असते. आत्यानं संकष्टी धरली आहे. आधी बटण, मग अंघोळ, मग मोदकांची तयारी.