राउटर खरंच रीबूट झाला की काउंटरच फिरला?

कालपर्यंत डॅशबोर्डवर राउटरचा अपटाइम (सलग चालू असल्याचा काळ) ४९७ दिवस दिसत होता, आज एकदम दोन तास. अशा वेळी लगेच तिकीट (बिघाडाची तक्रार) उघडू नका, आधी आकड्याचं मूळ बघा.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर दर पोलला (ठराविक वेळाने होणाऱ्या विचारणेला) एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती विचारायच्या प्रोटोकॉलवरून, 'सिस-अपटाइम' विचारतं (ओआयडी, म्हणजे त्या माहितीचा ठरलेला क्रमांक: १.३.६.१.२.१.१.३.०). उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागात येतं आणि ते ३२ बिटांचं असतं. त्यामुळे ४९७ दिवस आणि साधारण अडीच तास झाले की काउंटर भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

शहानिशा करायला लागोपाठचे दोन पोल काढा. समजा, आधीचा आकडा ४२९४९६०००० आणि पाच मिनिटांनंतरचा २२७०४. नव्या आकड्यात ४२९४९६७२९६ मिळवून जुना वजा करा. उरतात ३००००, म्हणजे नेमके ३०० सेकंद. राउटर चालूच होता.

आता दुसरं उदाहरण: १०:०० ला ८६४०००००, १०:०५ ला १२०००. हा हिशेब ३०० सेकंदांशी जुळत नाही, म्हणजे रीस्टार्ट. १२००० म्हणजे १२० सेकंद. सुरुवात १०:०३ ला झाली. दोन्ही पोलना उत्तर मिळालं, म्हणून उपलब्धतेच्या रिपोर्टात १०० टक्केच दिसतील! तेव्हा 'अपटाइम कमी झाला' असा वेगळा अलर्ट लावाच, आणि वरचा हिशेब त्यातच घाला.

लिनक्स सर्व्हरवर आणखी एक गफलत होते. तिथे सिस-अपटाइम मशीनचा नसतो, एसएनएमपी एजंटचा (या विचारणांना उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा) असतो. कोणी नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी आकडा शून्यावर येतो. मशीनचा अपटाइम हवा असेल तर १.३.६.१.२.१.२५.१.१.० विचारा. मात्र हाही ३२ बिटांचाच, तेव्हा तोही ४९७ दिवसांनी फिरतो.

उपलब्धतेच्या टक्केवारीचं गणित वेगळं. ३० दिवसांत दर पाच मिनिटांनी ८६४० पोल होतात. ९९.९ टक्क्यांच्या करारात ४३.२ मिनिटांची सूट मिळते, म्हणजे जेमतेम आठ पोल. एखादं पॅकेट हरवलं म्हणून पाच मिनिटांचा डाउनटाइम लागू नये, यासाठी तीन प्रयत्न फसल्यावरच डाउन धरा. मॉनिटरिंग सर्व्हरच बंद होता तो वेळ 'माहिती नाही' म्हणून वेगळा ठेवा. तो डाउनमध्ये टाकू नका आणि अपमध्येही नको.