गटचर्चेचा विषय निवडताना या चुका टाळा

‘सोशल मीडिया : शाप की वरदान?’ हा विषय कृपा करून पुन्हा कुणी ठेवू नका. अशा विषयावर सगळे शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ म्हणतात आणि चहाकडे वळतात.

विषय अवाढव्य घेणं ही सगळ्यात मोठी चूक. परळच्या आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर एका नव्या मुलाने आयत्या वेळी मोबाइलमध्ये शोधून ‘मुंबईचा विकास’ असा विषय दिला. दोघं कोस्टल रोडवर बोलले, एक काका थेट सिंगापूरला पोचले, बायका गप्प. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. पुढच्या शनिवारी मी विषय ठेवला : मे 2025 मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, तोटा प्रवाशांनी भरायचा की पालिकेने? आदल्या वेळी गप्प बसलेल्या बायकाच सर्वांत जास्त बोलल्या. रोज बसने त्याच तर जातात! निवृत्त कंडक्टरकाकांनी त्यांना अडवलं, मग खरी जुंपली. विषयाला ‘मग पैसे कुणी द्यायचे?’ हा प्रश्न मी नेहमी जोडून बघते. जोडता येत नसेल, तर बहुतेक वेळा तो विषय सोडून देते.

दुसरी चूक, माहितीशिवाय बसणं. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींचा विषय आमच्याकडे केव्हाही पेटतो, पण 1982 च्या गिरणी संपाच्या आठवणींतच वेळ जातो. 1991 च्या नियमात साधारण एक तृतीयांश जमीन पालिकेला, तेवढीच घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली गिरणीमालकाला मिळणार होती. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एवढ्या ओळी मी दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवते. ‘वाचायला वेळ नव्हता’ म्हणणाऱ्याने सुरुवातीला फक्त ऐकायचं. घाई करणाऱ्यांना हे जाचतं, जाचू दे.

पक्ष आणि धर्म पहिल्याच बैठकीत नकोत. ओळख मुरली की जरूर घ्या.

सगळ्यांचं एकमत असलेला विषय घेऊ नका. दादरचा कबुतरखाना घ्या, तिथे कबुतरांना दाणे घालू द्यावेत की नाही यावर एका घरातली माणसंही दोन बाजूंना बसतील.

आणि नोकरीच्या ग्रुप डिस्कशनची तयारी करणाऱ्यांनो, विषयांच्या तयार याद्या पाठ करू नका. रोज पेपरातलं शहराचं पान वाचा आणि त्यातली एक बातमी घरी कुणाशी तरी वाद घालायला वापरा.