कोलंबोला नऊ तास: वेंगुर्ल्याहून निघतानाच करायची तयारी

मेलबर्नला लेकीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा कोलंबोला नऊ तासांचा थांबा होता. तिकीट काढून देणाऱ्या मुलाने "काकू, तिथेच बसायचं, कुठे हलायचं नाही" असं बजावलेलं. आम्ही आपले शहाण्यासारखे नऊ तास एकाच बाकावर बसून राहिलो. ह्यांची मान डाव्या खांद्यावर, माझ्या मांडीवर पिशवी, आणि काचेबाहेर माड. माड बघायला वेंगुर्लेकराने तिथवर जायची काही गरज नाही, तरी काचेआडून बघताना जीव तळमळला. दुसऱ्या खेपेला मात्र बाहेर पडलो. तेव्हापासून आळीत कुणाचं तिकीट कोलंबोवरून निघालं की विचारायला माझ्याकडे येतात. परवा शेजारच्या काकी आल्या. "अगो, नऊ तास थंय बसान मी काय करू?" त्यांना बसवून जे सांगितलं तेच इथे उतरवते आहे.

सगळ्यात आधी तिकीट नीट बघा. मुंबई ते मेलबर्न असं एकाच तिकिटावर असेल तर मोठ्या बॅगा परस्पर पुढे जातात, मध्ये तुम्हाला दिसतही नाहीत. चेक-इनला बॅगेवर चिकटवलेल्या पट्टीवर शेवटचं गाव मेलबर्नच आहे ना, हे डोळ्यांनी वाचा आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास तिथेच मागून घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली असतील, तर कोलंबोला बॅगा उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतील. मग फिरण्याचा विचार सोडाच, कारण दोन मोठ्या बॅगा ओढत कुणी बाजार हिंडत नाही.

आता तासांचा हिशोब. नऊ तास म्हणजे नऊ नव्हेत. उतरून, रांगेत उभं राहून, शिक्का मारून बाहेर यायला एक तास धरा. पुढच्या विमानाच्या तीन तास आधी परत आत यायचं, कारण कोलंबोचा विमानतळ आहे कातुनायकेला, आणि तिथे दारातच सामान तपासतात आणि पुढे पुन्हा रांगा. राहिले पाच. त्यातून येण्याजाण्याचा वेळ वजा करा. सहा-सात तासांचाच थांबा असेल तर सरळ आत बसा, पाय वर करून झोप काढा. त्यात कमीपणा काही नाही.

बाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवर श्रीलंकेची ईटीए लागते, म्हणजे आधी ऑनलाइन घ्यायची परवानगी. तिचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या भाच्याचं ऐकू नका. निघायच्या आठवडाभर आधी श्रीलंका सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. शोधायला गेलं की तसल्याच नावाची दलालांची पानं वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात, म्हणून हे काम मुलांकडून समोर बसवून करून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. परवानगीचा कागद, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा कागद, लेकीचा पत्ता आणि फोन यांची छापील प्रत काढून पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

जायचं कुठे? सगळे म्हणतील कोलंबो. मी म्हणते नेगोंबो. कोलंबो तीसेक किलोमीटरवर आहे, २०१३पासून द्रुतगती मार्गही झालाय, पण शहरात शिरलं की गर्दी आपल्या हातात नाही, आणि डोक्यात सारखं विमान. नेगोंबो विमानतळाच्याच बाजूला, दहाएक किलोमीटरवर. मासेमारीचं गाव आहे. आपल्याला गावच वाचता येतं, शहर नाही. दहा ठिकाणं बघायचा हट्ट नको. मासळीबाजार, जुन्या किल्ल्याचा डच दरवाजा आणि जेवण, बस.

त्याआधी कालनिर्णय उघडा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी मांस-मद्य विकत नाहीत, दुकानंही बरीच बंद. आपण नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडून समुद्र उघडतो, ते दर महिन्याला पौर्णिमा पाळतात, एवढाच फरक लक्षात ठेवा. रविवारीही बाजाराची आशा धरू नका. नेगोंबोचे मच्छीमार बहुतेक कॅथलिक, रविवारी सहसा समुद्रावर जात नाहीत. आणि तोही पश्चिम किनाराच असल्यामुळे मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैऋत्येचा पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाट होतो. छत्री हातातल्या बॅगेत. पावसाळ्यातला समुद्र कसा असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पाण्यात उतरू नका.

हातातली बॅग हा या यादीचा खरा गाभा, कारण मोठी बॅग मेलबर्नशिवाय हाताला लागणार नाही. जूनमध्ये जाणारे लोक तिकडच्या थंडीच्या धाकाने घरूनच स्वेटर, मोजे, बूट चढवून निघतात आणि नेगोंबोच्या उन्हात घामाने निथळतात. एक सुती जोडी, भिजल्या तरी चालतील अशा चपला, एक पंचा, टोपी, डासांचं मलम वर ठेवा. देवळात जायचं झालं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, त्यांना ते फार लागतं. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, दोन दिवसांच्या जास्त. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

आता खाऊ, जिथे आपण कोकणी माणसं हमखास अडकतो. मी पहिल्या खेपेला पर्समध्ये कोकमाच्या आगळाची बाटली ठेवली होती, जावयाला सोलकढी आवडते म्हणून. पहिल्याच तपासणीत ती टोपलीत गेली. शंभर मिलिलिटरच्या वरचं कुठलंही द्रव हातातल्या बॅगेत जात नाही, आणि आगळ हे त्यांच्या लेखी पाणीच. त्या पोरीला मी कोकम म्हणजे काय ते सांगत राहिले, ती मान डोलावत राहिली आणि बाटली परत काही दिली नाही. तेव्हापासून सुकी आमसुलं मोठ्या बॅगेत नेते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही टाकू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या नियमात ते धोकादायक मालात धरतात. आणि जे काही खाण्याचं नेताय, अगदी पापड-मसाल्यापासून, ते मेलबर्नला उतरताना मिळणाऱ्या कार्डावर 'हो' म्हणून लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी दंड.

पैशांचं थोडक्यात. थोडे डॉलर न्या, बाहेर पडताना बँकांच्या खिडक्या आहेत, तिथे पाच तासांपुरतेच बदला. आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण साडेतीन मिळतात, भाव रोज हलतो, पण बिलाचा आकडा बघून छातीत धस्स होऊ नये एवढ्यासाठी हे लक्षात असू द्या. फेब्रुवारी २०२४पासून तिकडे यूपीआयही सुरू झालंय. निघण्यापूर्वी ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घ्या, मात्र नुसत्या त्याच्या जिवावर बाहेर पडू नका. सुक्या मासळीवाल्या बाईकडे रोखच चालते. रिक्षा तिकडेही तीनचाकीच. विमानतळाच्या काउंटरवरून गाडी घेतली तर भाव आधी ठरतो, नाहीतर पिकमी नावाचं तिकडचं ॲप आहे. जाऊन-येऊन आणि मधल्या थांब्यासकट एकच गाडी ठरवा, आणि परतीची वेळ चालकाला कागदावर लिहून दाखवा.

सकाळी उतरत असाल तर आधी बाजार. लेल्लामा म्हणतात त्याला, खाडीच्या तोंडाशी. बाजाराला लागूनच्या वाळूवर काथ्याच्या लांबच लांब चटया अंथरलेल्या, आणि त्यांवर मिठाच्या पाण्यातून काढलेली मासळी पोट फाडून ओळीने मांडलेली. एक बाई वाकून एकेक मासा उलटा करत पुढे सरकत होती. दोन बोटांनी शेपटी धरायची, पालटायचा, पुढचा. ह्यांनी मला कोपरखळी मारली, "बघ, बंदरावरची माणसं." वासही तोच. नाक मुरडणारे पर्यटक रुमाल लावून उभे होते, आणि आम्ही बांगडा किती दिवस वाळवता हे खुणांनी विचारत होतो. तिने तीन बोटं दाखवली. एवढ्या दमट हवेत तीन दिवसांत वाळतो यावर ह्यांचा अजून विश्वास नाही.

तिथली शिडाची होडी जरूर बघा. ओरुवा म्हणतात. अरुंद बोडकी होडी, आणि एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर बांधलेलं लांब लाकूड. गाइड काहीतरी मोठं नाव सांगत होता. आपल्याकडे त्या लाकडाला उलांडी म्हणतात, इतकंच.

डच दरवाजा बघायला दहा मिनिटं पुरतात. किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही, कमानीवर १६७८ साल कोरलेलं आहे आणि मागे चक्क तुरुंग, त्यामुळे आत सोडत नाहीत. तरी वेंगुर्लेकराने तिथे जावंच. सतराव्या शतकात त्याच डचांची वखार आपल्याकडेही होती, तिच्या पडक्या भिंतींवरून आपण रोज जातो आणि मान वळवून बघत नाही. तिकडे त्यांचा जीव दालचिनीत होता. तिकडची दालचिनी पातळ, कागदासारख्या सालींची सुरळी, बोटांनी चुरगळते. आपल्या किराणा दुकानात मिळते ती जाड, लाकडासारखी, ती बहुतेक वेळा वेगळ्याच झाडाची साल असते. घ्यायचीच तर येताना घ्या, जाताना तो पुडा कार्डावर लिहीत बसावा लागेल.

जेवणाची धास्ती काकींना सगळ्यात जास्त होती. मी म्हटलं, काकी, तिथे शिरवाळे मिळतात. खोटं नाही. तांदळाच्या पिठाचे, तसेच वाफवलेले, फक्त आपण नारळाच्या गोड रसात बुडवतो आणि ते माशाच्या कालवणाबरोबर खातात. इंग्रजीत स्ट्रिंग हॉपर म्हणून लिहिलेलं असतं, बावरू नका. साधं हॉपर म्हणजे आंबोळीची कडा उंच केलेली वाटी. सोबत पोल सांबोल येतं, ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. शाकाहारी असाल तर आधी विचारा, तिच्यात बरेचदा सुका मासा कुटून घातलेला असतो. आणि मासे खाणाऱ्यांनी आंबुल तियल सोडू नये. कुप्याचे, म्हणजे ट्यूना माशाचे तुकडे, मिरी आणि गोरका नावाचं काळं आंबट फळ, सगळं अंगाबरोबर आटवलेलं. गोरका हा आपल्या कोकमाचा भाऊबंद, दोघेही गार्सिनिया वंशातले. पहिला घास घेतल्यावर हे म्हणाले, "तिरफळं विसरली." उन्हात तहान लागली तर तंबिली मागा. केशरी रंगाचं शहाळं असतं, कापून बांबूच्या नाहीतर कागदाच्या नळीसकट देतात. बर्फ घातलेलं काही नको, पुढे दहा तासांचं विमान आहे.

दोन शब्द पाठ करून जा. भेटल्यावर हात जोडून आयुबोवन, म्हणजे दीर्घायुष्य लाभो. निघताना इस्तुती, म्हणजे आभार. हा तर आपलाच स्तुती शब्द. काकींना दोन्ही पहिल्याच फटक्यात पाठ झाले.

परतीची वेळ झाली की झाली. सूर्यास्त राहिला, चर्च राहिलं, कालव्यातली होडी राहिली, राहू द्या. उरलेल्या नोटा विमानतळावर बदला किंवा चहाचा डबा घ्या. आत शिरल्यावर प्रसाधनगृहात हातपाय धुवा, पंचाने पुसा, चपला पिशवीत बांधा आणि स्वेटर आता चढवा. भिजलेल्या चपलांना वाळू लागलेली असेल तर नळाखाली धरून स्वच्छ करा, ऑस्ट्रेलियावाले चपलेच्या मातीलाही विचारतात.

घड्याळाला हात लावू नका. श्रीलंकेची वेळ आपलीच आहे, मिनिटाचाही फरक नाही, आणि मेलबर्नची वेळ लावून बसलात तर गेटवर गोंधळ ठरलेला. दुसऱ्या विमानात पट्टा बांधला की मग काटे पुढे करा: तिकडचा हिवाळा असेल तर साडेचार तास, ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. काकींनी हे मात्र माझ्याकडून लिहून घेतलं आणि कागद घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचून ठेवला.