रात्री उशिरा एकट्यानं प्रवास करताना फोन कसा तयार ठेवावा

सुरक्षेची ॲप बरेच जण घेऊन ठेवतात, पण फारच थोडे ती नीट लावून ठेवतात. हिंजवडीहून रात्री अकराला कॅबनं निघताना किंवा शेवटच्या लोकलनं डोंबिवलीला उतरताना सेटिंग शोधायला वेळ नसतो. त्यामुळे हे काम घरी बसून, दिवसाउजेडी करा.

सुरुवात माणसापासून करा. फोन काही झालं तरी फक्त निरोप पोचवतो, धावून माणूसच येणार. दोनच जण निवडा: एक घरचं, एक जवळपास राहणारं. दोघांशी आधी बोलून ठरवा की निरोप आला तर पहिला फोन मला, मी उचलला नाही तर लगेच 112 या आपत्कालीन मदतीच्या नंबरला. हे बोलणं झालं नसेल, तर समोरचा माणूस नकाशावरच्या ठिपक्याकडे नुसता बघत बसतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं तेच राहून जातं.

आता फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ असं शोधा. तिथे त्या दोघांचे नंबर घाला आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायची सोय, चालू करा. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये पॅनिक बटण असलंच पाहिजे, असा नियम 2016 मध्ये झाला. साध्या बटणांच्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट दाबायचं. तीनदा की पाचदा, हे फोनप्रमाणे बदलतं. तुमच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. सराव म्हणून 112 ला फोन लावू नका. चुकून लागलाच तर कट न करता ‘चुकून लागला’ एवढं सांगा.

‘112 इंडिया’ हे सरकारी ॲपही घ्या. त्यात पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत एकाच ठिकाणी मागता येते.

मग लोकेशनची परवानगी. इथे बहुतेकांची गाडी अडते. ज्या ॲपमधून लोकेशन पाठवणार, त्याला ‘नेहमी’ आणि ‘अचूक’ अशा दोन्ही परवानग्या द्या. नाहीतर स्क्रीन बंद झाली की ठिपका जागच्या जागी थांबू शकतो. बॅटरी सेव्हरमधूनही ते ॲप वगळा.

प्रवासाला निघताना व्हॉट्सॲपवर त्या व्यक्तीचं चॅट उघडून ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवा. मुदत 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास अशी मिळते; रस्त्याला लागेल त्याहून थोडी जास्तच निवडा. गूगल मॅप्सवरूनही लोकेशन शेअर करता येतं, आणि तिथे तुमच्या फोनची बॅटरी किती उरली हेही समोरच्याला दिसतं. ठिपका हलेनासा झाला तर फोन संपत आला होता का, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दोन्हींना इंटरनेट लागतं. म्हणून कॅबमध्ये बसण्याआधी गाडीचा नंबर साध्या एसएमएसनं पाठवून ठेवा. बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएस कमजोर पडतं. उंच इमारतींच्या गर्दीत ठिपका शेजारच्या गल्लीत दिसू शकतो. कितवा मजला, हे तर त्यावरून कळतच नाही. त्यामुळे 112 शी बोलताना ‘अमुक दवाखान्यासमोर, दुसरा मजला’ असं तोंडानं सांगाच. रेल्वेत असाल तर 139 ही रेल्वेची हेल्पलाइन लक्षात ठेवा.

रस्ता निवडताना ‘सेफ्टीपिन’ची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, 2013 मध्ये कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी हे ॲप सुरू केलं. दिवे आहेत का, पदपथ चालण्याजोगा आहे का, आसपास माणसं आणि बायका दिसतात का, अशा निकषांवर त्यात जागेची पाहणी होते. ॲप नसलं तरी हेच प्रश्न मनात ठेवून तुमच्या स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता एकदा चालून बघा. दिवे असलेला थोडा लांबचा रस्ता मी जवळच्या अंधाऱ्या बोळापेक्षा केव्हाही चांगला मानते.

घरी पोचलात की शेअरिंग बंद करा. ज्याच्यापासून जपायचं तो माणूस कधी ओळखीतलाही असतो, म्हणून तुमचं लोकेशन कोणाकोणाला दिसतं, ती यादी अधूनमधून तपासत जा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन. गूगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर दाबून लोकेशन शेअरिंग. ज्याला तुम्ही स्वतः लोकेशन पाठवलेलं नाही असं नाव तिथे दिसलं, तर ते काढा आणि त्याच दिवशी पासवर्ड व फोनचा पिन बदला. पण ज्याच्याकडून मारहाण किंवा धमक्या होत असतील त्याचंच ते नाव असेल, तर घाईनं काढू नका. त्याला लगेच कळू शकतं. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, किंवा दुसऱ्याच्या फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनशी बोला.