काम भरपूर, हाती काहीच नाही? फ्रीलान्सिंगमधल्या या चुका टाळा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बसून डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, डीटीपी, अनुवाद किंवा अकाउंट्सची कामं करणाऱ्या पोरापोरींची तक्रार बहुतेक एकच असते: "काम येते जी, पण महिन्याच्या शेवटी हातात काही राह्यत नाही." यावर त्यांचा उपायही ठरलेला असतो, नवं गिऱ्हाईक शोधायचं. मग लाइट असेल तेवढी रात्र जागून परदेशी साइटवर पाच-पाच डॉलरच्या कामासाठी बोली लावायची. आणि मागच्या वर्षी ज्या जिनिंगवाल्याचं माहितीपत्रक केलं, त्याच्या फाटकावरून सकाळी गाडी सरळ पुढे न्यायची! ऑनलाइन बाजाराला माझी ना नाही. पण घरची गळती आधी पाहावी.

फाइल पाठवली, विषय संपला

सगळ्यात मोठी गळती ही. समजा, समुद्रपूरकडच्या एका बचत गटानं हळद पावडरचं लेबल करायला दिलं. पिवळा रंग, हळकुंडाचा फोटो, गटाचं नाव असं लेबल करून तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि मोकळे झालात. महिन्याभरानं दुकानदारानं माल परत केला, कारण लेबलवर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 अंकी क्रमांक नाही, निव्वळ वजन नाही, बॅच आणि पॅकिंगची तारीख टाकायला जागा नाही, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण नाही. गटातल्या ताई पुढच्या खेपेला तुमच्याकडे कशाला येतील?

हेच सगळं कामाच्या आधी विचारलं असतं, तर त्याच बैठकीत पुढची कामंही निघाली असती. लेबल 100 ग्रॅमचं झालं, मग 250 आणि 500 ग्रॅमचं कोण करणार? खोक्यावरचं स्टिकर, प्रदर्शनातल्या स्टॉलचा फ्लेक्स, व्हॉट्सअॅपवर फिरवायची दरांची यादी, ही सगळी कामं त्यांना लागणारच आहेत. त्यांना ती सुचत नाहीत, सुचवणं हे तुमचं काम. एक खबरदारी मात्र घ्या. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल, तर कितीही आग्रह झाला तरी ते नाव आणि मानांकनाचं चिन्ह लेबलवर टाकू नका.

लग्नाच्या कामातही तेच. आपल्याकडे साक्षगंधाच्या (साखरपुड्याच्या) बॅनरपासून गाडी सुरू होते. तो बॅनर करतानाच "पत्रिका कधी लागेल?" एवढं विचारलं, तर पत्रिका, हळदीचा व्हिडिओ आणि रिसेप्शनचा बोर्ड एकाच घरातून मिळतो. विचारत नाही तो प्रत्येक वेळी चौकातल्या दुसऱ्या दुकानाशी भावात भांडत बसतो.

अवेळी विचारणं

इथला पैसा हंगामावर चालतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येऊ लागतो, चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) होतात, तुळशीच्या लग्नानंतर लगनसराई उघडते. जून-जुलैत सगळा पैसा बी-बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. अशा वेळी कृषी केंद्रवाल्याकडे वेबसाइटचा प्रस्ताव घेऊन गेलात, तर तो चहासुद्धा उभ्यानंच पाजेल.

ताडोब्याचं गणित उलटं आहे. व्याघ्र प्रकल्पाचा कोअर (आतला) भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. मोहर्लीकडच्या रिसॉर्टचा मॅनेजर मे महिन्यात फोन उचलत नाही, पण ऑगस्टमध्ये निवांत बसलेला असतो. नवे फोटो, मेनूकार्ड, इन्स्टाग्रामचे रील ही बोलणी तेव्हाच करायची, म्हणजे ऑक्टोबरच्या आत काम हातात पडतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, म्हणजे शाळेचं काम मे महिन्यातच पकडायला हवं. त्यासाठी मोठा प्रस्ताव लिहायची गरज नाही, एवढा मेसेज पुरतो: "मॅडम, मागच्या वर्षीच्या प्रवेश माहितीपत्रकाची फाइल माझ्याकडे तयार आहे. तारखा, शुल्क आणि शिक्षकांची नावं बदलून सोमवारी नमुना पाठवू का?" समोरच्याला फक्त हो म्हणायचं असतं. म्हणून जुन्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये कशाही भरून ठेवू नका, गिऱ्हाईक आणि वर्ष टाकून नीट लावा. निम्मं काम त्यातच झालेलं असतं.

जुना दर, फुकटचे बदल

गावात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या गड्याचं, सालसुद्धा दर पाडव्याला नव्यानं ठरतं, आणि आपले डिझायनर मात्र पहिल्या वर्षीच्या दरावर वर्षानुवर्षं राबतात. दर वाढवताना कारणं देत बसू नका. "एप्रिलपासून हा दर, दोन दुरुस्त्या त्यातच, तिसरीपासून वेगळे पैसे" असं आधीच लिहून पाठवा. "एवढं करून द्या ना भाऊ" हे पुढेही ऐकू येईलच, पण मग किती द्यायचं ते तुमच्या हातात राहील.

उधारीला मर्यादा नसणं

"चुकारा झाला की देतो" हे खरंही असू शकतं, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याशी कायद्याची भाषा नको. निम्मा इसार घ्या आणि छपाईची फाइल उरलेले पैसे आल्यावरच सोडा. तोवर खालच्या दर्जाचा, वॉटरमार्क असलेला नमुना दाखवा.

कंपनी, जिनिंग, संस्था यांचं प्रकरण वेगळं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. तालुक्यात त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. काम हाती घेण्याच्या आधीच तुमची ती नोंदणी असेल, तर लेखी करार नसताना 15 दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याज लागतं. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पातल्या दुरुस्तीनंतर, या मुदतीत न दिलेली रक्कम, काम करून घेणाऱ्या धंद्याला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि बिलाची एक प्रत त्यांच्या अकाउंटंटलाही पाठवा. मालकापेक्षा अकाउंटंट लवकर हलतो, निदान मार्चमध्ये तरी.

आणि टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला आयकर. कंपनीनं बिलातून कापलेली रक्कम गेली असं समजून कित्येक जण सोडून देतात. ती तुमच्या पॅनवर जमा असते. वर्षाचं उत्पन्न कर लागण्याइतकं नसेल, तर विवरणपत्र भरून ती परत मिळते. आयकर पोर्टलवर लॉगिन करून एकदा पाहा. जमा दिसत नसेल, तर कापणाऱ्यानं ती भरलेलीच नाही किंवा तुमचा पॅन चुकवलाय. हे मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही, विवरणपत्राच्या बरंच आधी त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावं लागतं.